घडीच्या सायकलींचे मालक

“हाणा!”

मालकांच्या कारखान्यात पाऊल टाकलं की आधी हा शब्द कानावर यायचा आणि लगेच हातात घण यायचा. नमस्कार नाही, बसा नाही, पाणी नाही. समोर लाकडाचा ओंडका, ओंडक्यावर रंगवलेली सायकल आडवी घातलेली आणि तिच्या मधोमध गोणपाटात गुंडाळलेली बिजागरी. तुम्ही विक्रीकराचे निरीक्षक असा, नाहीतर गणपतीची वर्गणी मागायला आलेले कार्यकर्ते, आधी बिजागरीवर पाच घाव घालायचे आणि मग कामाचं बोलायचं.

मी बँकेचा फील्ड ऑफिसर. अंगात टेरिलीनचा शर्ट, खिशाला शाईचं पेन आणि सदाशिव पेठेत वाढलेले हात. पहिल्या दिवशी मी तो घण जेमतेम छातीपर्यंत उचलला आणि सोडून दिला.

“अवो साहेब, नवरीला हळद लावताय व्हय? हाणा की जोरात!”

दुसरा घाव मी इतक्या रागाने घातला की कोपरापर्यंत मुंग्या आल्या. कारखान्यातली आठ माणसं खुशाल हसत होती. मालकांनी गोणपाट सोडलं, बिजागरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुटली? न्हाई ना? आता कर्जाचं बोला.”

घडीची सायकल तुम्ही आता कुठेही पाहाल. हौशी लोक गाडीच्या डिकीत घालून फिरायला नेतात. तेव्हा मात्र पुण्यात सायकल म्हणजे कचेरीचं, शाळेचं, भाजीचं वाहन होतं आणि ती रात्री जिन्याखाली साखळीने बांधून ठेवावी लागे. सकाळी साखळी जागेवर आणि सायकल गायब! मालकांनी विचार केला, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाला सायकल दुमडून खाटेखाली सरकवता आली तर? एवढ्या एका विचारापायी त्यांनी खराडीची वडिलोपार्जित जमीन विकली आणि कर्वेनगरला, तेव्हा तिथे शेतंच होती, पत्र्याची शेड घातली. त्या खराडीत आज काचेच्या इमारती आहेत. पुढे कुणी जमिनीचा हिशेब त्यांना ऐकवायला लागलं की ते पायातली वहाण काढत. मी स्वतः एकाला पळताना पाहिलाय.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर नव्हता, तो हातात होता. वाईट वेल्डिंग दिसलं की फ्रेम भिंतीवर जायची. कामगार चुकला की त्याच्या पाठीत धपाटा, आणि दुपारी त्यालाच आपल्या डब्यातली अर्धी भाकरी. मंडईजवळच्या एका विक्रेत्याने पाच महिने पैसे थकवले, तर हे त्याच्या दुकानात गेले आणि एकही शब्द न बोलता काउंटरची काच पाना मारून फोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः काचवाल्याला घेऊन हजर! टेपचं एक टोक काचवाल्याच्या हातात, दुसरं यांच्या. “माझ्या हातनं फुटली, म्याच बसवणार,” म्हणाले. विक्रेता वस्ताद होता. त्याने काच बसवून घेतली आणि पैसे पुढच्या महिन्यावर ढकलले.

या माणसाला आवरू शकेल असं जगात एकच माणूस होतं, त्यांची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. ठेंगणी, सावळी, शांत बाई. शेडच्या मागच्या भागात बसून त्या ब्रशने फ्रेमवर सोनेरी रेघा ओढायच्या. पुढे आरडाओरडा वाढला की मान वर न करता म्हणायच्या, “पुरे.” की झालं. हवेत गेलेला हात खाली यायचा.

आता थोडं माझ्या धंद्याचं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. साध्या सायकलीच्या दीडपट किमतीला ही सायकल पडायची. विकत घेणारे मोजके, उधारीवर नेणारे विक्रेते मात्र पुष्कळ. लोखंडी नळ्या पुरवणाऱ्याला तर रोख लागायची. म्हणून आमच्या बँकेने मालावर कर्ज दिलं होतं. तयार सायकली शेडमागच्या गोदामात, गोदामाला बँकेचं पितळी कुलूप, किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये. पैसे भरले की मी जाऊन तेवढ्या सायकली सोडायचो. गोदामातला माल त्यांनी बनवलेला, पण कुलूप लागलं की बँकेचं तारण.

एका उन्हाळ्यात त्यांना कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती. मी कागद पाहिले आणि साहेबासारखा घसा साफ केला. “मालक, तुमची बिजागरी फार महाग पडते. ठोकून घडवलेली कशाला हवी? ओतीव घ्या. निम्म्यात येईल. दिसायला तीच.”

“ओतीव लोखंड फुटतं, साहेब.”

“सगळ्या जगात वापरतात.” मला जगाचं काही माहीत नव्हतं. मी कॉमर्सचा पदवीधर. “खर्च कमी झाला नाही तर मला शिफारस करता येणार नाही. बघा बुवा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पाना माझ्याच डोक्यात बसणार. पण पगाराचा दिवस चार दिवसांवर होता. त्यांनी पाना खाली ठेवला. “घेतो ओतीव. पन तिला कळू देऊ नका,” असं म्हणून वहिनींच्या दिशेने मान हलवली. “ती म्हनंल, बँकवाल्यापुढं वाकला.” हे सगळं तोंडीच झालं. कागदावर मी फक्त ‘उत्पादनखर्चात घट अपेक्षित’ एवढंच लिहिलं. काय रुबाब होता मला तेव्हा त्या वाक्याचा!

ओतीव बिजागऱ्या आल्या. रंगाखाली त्या जुन्यांसारख्याच दिसत. पाच-पाच घाव खाऊन, लोखंडी पंचाने तपासणीची खूण मारून घेऊन त्या गोदामात जाऊ लागल्या. एकही तुटली नाही. मी माझ्या अकलेवर बेहद्द खूश होतो.

मग नवरात्र आलं. दसऱ्याला पुण्यात लोक वाहन घरी आणतात, त्यामुळे मंडईच्या त्याच विक्रेत्याने एकदम पंचवीस सायकली मागितल्या, तेही रोखीने. कामगार अखेरपर्यंत राबले. सायकली पुऱ्या झाल्या त्या खंडेनवमीच्या सकाळी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. मीही प्रसादाला गेलो होतो. पाटावर नटबोल्टांचे पाने, करवती, कानशी मांडलेल्या आणि मधोमध तो घण, हळदीकुंकवाने माखलेला, झेंडूची माळ घातलेला. दुपारी टेम्पो दारात आला आणि मालक सवयीने घण उचलायला वाकले.

“आज हात लावायचा न्हाई,” वहिनी म्हणाल्या.

“पंचवीस गाड्या हायेत. ठोकल्याबिगर कशा सोडू?”

“आज त्यो देव हाय.”

कलेक्टरचं न ऐकणारा माणूस! त्यांनी हात मागे घेतला, घणाला नमस्कार केला आणि टेम्पो भरायला लावला. पंचवीस सायकली घाव न खाता, खुणेशिवाय पुण्यात गेल्या.

दिवाळीनंतर एका सकाळी लकडी पुलावर त्यातली एक सायकल चालता चालता मधोमध दुमडली. वर एक शिक्षिका होत्या. हनुवटी दगडी कडेवर आपटली, जबडा मोडला, पुढचे पाच दात गेले. सायकलीने बाईंचा पायही आपल्यात घेतला होता. लोकांनी दोन्ही बाजूंनी ओढून तो सोडवला.

मालक इस्पितळात धावले. बाईंचा भाऊ पायरीवरच उभा होता, तालमीत जाणारा. त्याने यांना पहिल्याच ठोशात खाली पाडलं आणि मग लाथा घातल्या. मी मागून रिक्षातून उतरत होतो, सगळं पाहिलं. ज्या हातांना आयुष्यात कधी धीर धरवला नव्हता ते दोन्ही हात मालकांनी पाठीशी घेतले होते. ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “तोंडावर नको रं. परवा बँकेत जायचं हाय.” भाऊ थबकला. मग तिथेच पायरीवर बसून रडायला लागला आणि मालक त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले. वहिनी मात्र तेव्हापासून महिनाभर त्या बाईंच्या उशाशी होत्या, चमच्याने पेज भरवत.

त्यानंतर मालकांनी पुण्यात जो धुमाकूळ घातला तो आठवून मला अजूनही हसावं की रडावं कळत नाही. विक्रेत्याच्या पावतीपुस्तकातून पत्ते घेऊन ते घरोघर गेले. “सायकल द्या, पैसे घ्या.” बहुतेकांनी दिली. शनिवार पेठेत एक पेन्शनर अडून बसले. “मला काही त्रास नाही. मी देणार नाही. आपण निघा.” मालकांनी सायकल अंगणात ओढली आणि घणाने तिचे तुकडे केले, पेन्शनरांच्या तुळशीसमोर. पेन्शनरांनी शांतपणे पैसे मोजून घेतले आणि म्हणाले, “आता कचराही घेऊन जा.” हेही घेऊन गेले. चोवीसच्या चोवीस सायकली अशा फुटल्या.

राहिल्या गोदामातल्या सत्तर. त्यांना बँकेचं कुलूप होतं.

ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ओठाला टाके, डोळा सुजलेला. “साहेब, कुलूप काढा.”

“तारण आहे ते, मालक. मला अधिकार नाही.”

मी त्यांना मॅनेजरकडे नेलं. मॅनेजर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एक सायकल मोडली म्हणून सत्तर सायकली मोडीत काढायच्या? मंडईवाला त्या कमी भावात उचलायला तयार आहे. पुण्याबाहेर खपवेल. बँकेचे पैसे वसूल होतील, तुमचा कारखानाही टिकेल. उद्या माल सोडा.” शेवटचं वाक्य मला होतं.

“पुन्याबाहेर मान्सं राहत न्हाईत?” मालकांनी विचारलं. मॅनेजर साहेबांनी पुढची फाईल उघडली.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन गेलो. टेम्पो यायचा होता. कामगारांना त्यांनी घरी धाडलेलं. मी कुलपाकडे जाण्याआधीच त्यांनी मला खांद्याने असा ढकलला की मी पत्र्यावर आदळलो. दोन घावांत बँकेचं पितळी कुलूप जमिनीवर. मग त्यांनी एकेक सायकल बाहेर काढली, ओंडक्यावर घातली आणि हाणायला सुरुवात केली.

तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. पत्र्याची शेड, त्यात लोखंडावर लोखंड. ते प्रत्येक घावाला शिवी देत होते, आधी मॅनेजरला, मग विक्रेत्याला, मग स्वतःच्या बापाला आणि मग फक्त ओरडत होते. हाताची साल निघाली, घणाचा दांडा लाल झाला. मी ओरडलो, “मालक, यांच्यावर खूण आहे! या तपासलेल्या आहेत!” ते थांबले. एक बिजागरी माझ्यापुढे फेकली. पंचाची खूण असलेली. पाच घाव तिने पूर्वी पचवले होते, आज आठव्याला ती खारी बिस्किटासारखी तुटली होती. आत बारीक बारीक पोकळ्या. दुसरी तशीच. तिसरीही. सगळ्याच तशा. खूण असो वा नसो, या पुलावर ना त्या पुलावर मोडणारच होत्या.

“बगितलंत?” ते म्हणाले.

मी पाहिलं. त्या बिजागरीत माझी अक्कल होती, दुसऱ्या कुणाची नव्हती. आणि मी काय केलं? टेम्पो आल्यावर बँकेला फोन करायला गेलो.

पोलीस आले, पंचनामा झाला. तारणाची नासधूस, कुलूप फोडलं, अधिकाऱ्याला धक्काबुक्की. फौजदारांनी विचारलं, “ही हलकी बिजागरी कुणाच्या सांगण्यावरून घेतली?” मी हातात पेन धरून उभा होतो. त्याचं टोपण काढलं आणि परत लावलं. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर गोष्ट निराळी होती. बँकेनेच गळ्यात मारलेली बिजागरी म्हटल्यावर बँकेला तडजोड करावी लागली असती, मुदत द्यावी लागली असती, शेड वाचली असती. माझी नोकरी गेली असती इतकंच.

“माझीच अक्कल,” मालक म्हणाले.

संध्याकाळी मी त्यांना चौकीबाहेर गाठलं. “मी उद्या मॅनेजरना सांगतो. लेखी देतो.” त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला भिंतीला टेकवला. श्वास कोंडला माझा. “गप ऱ्हायचं,” ते दात आवळून म्हणाले. “तुमची पोरं न्हान हायेत. माझं असंबी गेलंय, तसंबी. दोघांनी कशापायी मरायचं?” मग कॉलर सोडली, नीट केली, तुटलेलं बटण मातीतून शोधून माझ्या हातात दिलं. आणि मी, मर्द गडी, गप्प राहिलो. आनंदाने गप्प राहिलो, खोटं कशाला बोलू.

शेडचा लिलाव झाला. फिर्याद पुढे मिटली. मला वर्षभरात बढती मिळाली, नागपूरला बदली झाली. मालक दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले. सुटीत पुण्याला आलो की मी तो रस्ता टाळायचो. एकदा सिग्नलला समोरासमोर आलो तर त्यांनीच विचारलं, “पोरं काय करत्यात?” मी सांगितलं. “ब्येस,” म्हणाले आणि सिग्नल सुटला.

ते गेल्याचं मला निवृत्त होऊन पुण्यात परतल्यावर कळलं. दिवसही उलटून गेले होते. कर्वेनगरला, जिथे ती शेड होती तिथून जवळच, एका सोसायटीच्या मागच्या दोन खोल्यांत वहिनी राहत होत्या. सकाळची दहाची वेळ. त्यांनी ओळखलं, बसायला सांगितलं. भिंतीवर मालकांचा फोटो होता, भांडायच्या तयारीत असलेला. आम्ही थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. बाहेर झेंडूवाला ओरडत गेला, तेव्हा मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, “यंदा दसरा करणार नसाल?”

“दसरा करीन. खंडेनवमी म्या त्या वर्सापासनं केलीच न्हाई.”

“का?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एवढंही कळत नाही का, अशा नजरेने. “म्या त्यांना घण उचलू दिला न्हाई. त्या दिवशी गाड्या ठोकल्या असत्या तर खराब माल तितंच कळला असता. त्या बाईंचे दात राहिले असते, ह्यांचा कारखाना राहिला असता. माझ्या एका हळदीकुंकवानं एकोणीस वर्सं दुसऱ्याच्या दारात पाने फिरवले त्यांनी.”

“हे मालकांशी कधी बोललात?”

“काय बोलू? त्यांनी कधी टोचून दाखवलं न्हाई. एवढा तोंडाळ मानूस, पन ह्यावर एक सबूद न्हाई. त्येच लागायचं मला. एकदा तरी शिवी घालायची हुती.”

मी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. त्यांनी वहिनींपासून माझं नाव लपवलं होतं, आधी मानापायी आणि मग माझ्यासाठी. आणि वहिनी त्या गप्प राहण्याला क्षमा समजून जळत राहिल्या होत्या. मी सांगून टाकलं. उन्हाळ्यातली ती दुपार, निम्म्या किमतीची बिजागरी, माझी शिफारस, फौजदारांचा प्रश्न, चौकीबाहेरची भिंत. आणि गोदामातल्या सत्तर सायकली. “वहिनी, त्यांच्यावर खूण होती. सगळ्यांनी पाच घाव खाल्ले होते, तरी फुटल्या. तुम्ही घण उचलू दिला असता तरी काही वेगळं झालं नसतं. तुमचा काही दोष नव्हता.”

“तुमी तितं हुता?”

“हो.”

“डोळ्यांनी बगितलं?”

“हो.”

त्या उठल्या. पदर कमरेला खोचला आणि आत स्वयंपाकघरात गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला. मग पहिलं पातेलं भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग ताट. मग डबे, एकामागून एक, झाकणांसकट. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो होतो. त्या शांत बाईच्या तोंडून एक शब्द येत नव्हता, नुसती भांडी भिंतीवर आपटत होती. शेजारच्या बाई दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरल्या. बराच वेळ ते चाललं. मग थांबलं.

वहिनी बाहेर आल्या. केस सुटलेले, कपाळ घामाने भिजलेलं, मनगटाला कापलेलं. उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“तुमी अजून हितंच?”

मी उठलो.